बारा फुटी छत्रीचा नवा हात

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

पान्हे, पक्कड, मल्टिमीटर, शिडी, कोयता. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. शेवटी मागच्या अंगणात छत्रीला. पूजेच्या हत्याराला आजच्या दिवशी हात लावू नये म्हणतात. आमच्याकडे उलट. पावसाळाभर आमची बारा फुटी डिश आकाशाकडे तोंड करून चार खुंट्यांना बांधलेली असते. खंडेनवमीला दोर सुटतात, वि. पडवीतल्या खुर्चीत बसून वर्षाचं पहिलं बटण दाबतात आणि ती कुरकुरत पूर्वेला वळते. (बेचाळीस वर्षांत नवऱ्याला नावाने हाक मारली नाही. वहीतही वि. च्या पुढे गेले नाही.)

आज बटण दाबलं. खोक्यात टक् झालं. छत्री हलली नाही.

"सुमन, दोर सोडलेस ना?"

"चारही."

पुन्हा टक्. वि. बोट दाबून बसून राहिले. दिसत नसलं तरी तोंड छत्रीकडेच. मी म्हटलं, अहो, सोडा आता, ट्रान्सफॉर्मर जळेल. सोडलं. नैवेद्याची खीर पुरी संपवली, पण गोड झाली की नाही ते बोलले नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

गोमा सोनं घेऊन आला. वरच्या ठाकरवाडीतला. आमचा केबलचा धंदा होता तेव्हा वि.बरोबर गावोगाव तार ओढायचा. आता साठीचा आहे आणि अजून शिडी न धरता चढतो. आपट्याची पानं दिली, चहा प्यायला, वर चढला.

छत्री फिरवणारा जो ॲक्च्युएटर असतो, त्याला गोमा पंप म्हणतो, मी हात. दिसायला सायकलच्या पंपासारखाच. नळीतून दांडा बाहेर सरकला की छत्री पश्चिमेला, आत ओढला की पूर्वेला. गोमाने त्याच्यावरचं प्लास्टिक सोडलं, बूड उघडलं. आतून तांब्याभर पाणी आलं, तपकिरी.

"वहिनी, ह्याच्यात भात लावला असता तरी आला असता."

नळीच्या बुडाला एक भोक असतं. आत जमलेला दमटपणा निघून जावा म्हणून. त्यात मेण होतं. मेण मी घातलं होतं. जूनमध्ये मुंग्या शिरताना दिसल्या म्हणून. वरून प्लास्टिकचे तीन वेढे आणि सुतळी. आमच्या ह्या पट्ट्यात मिरगाआधी आम्ही सगळंच बांधतो, कांदे, स्कूटर, जळण. वि. दरवर्षी फक्त मोटरवर पत्र्याची टोपी ठेवायचे आणि खालचं भोक काडीने साफ करायचे. या वर्षी डोळ्यांमुळे ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते चोख केलं.

गोमाने माझ्याकडे पाहिलं. नखाने मेण काढलं, खिशात टाकलं. 

वि.नी विचारलं, "काय झालंय?"

मी सांगितलं, "गंजलाय. वय झालं त्याचं."

४ ऑक्टोबर, शनिवार.

मोटर गेली. स्क्रू गेला. नळी आतून पोखरलेली. बदलायचाच. माप घेतलं: चोवीस इंची. वरचा शिक्का पुसला गेलाय. आता असले कोण विकतं कोणास ठाऊक. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी छत्र्या केव्हाच भंगारात घातल्या. आमची राहिली, कारण वि.ना ती हवी होती आणि मला अंगणातली ती जागा दुसऱ्या कशाला नको होती.

पल्लवीचा फोन, शेलूहून. माझ्या नणंदेची मुलगी, तिथल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहते. म्हणाली, "मामी, ते लोखंड काढून टाका ना आता. मामांना फोनवर जगातले सगळे रेडिओ देते लावून." लावून दिलेही, फोनवरूनच, हे दाबा ते दाबा करत. वि.नी पाच मिनिटं ऐकलं. अर्जेंटिना, मग आइसलँड.

"छान आहे," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. "हे सगळं आधीच कुणीतरी शोधून ठेवलंय गं."

५ ऑक्टोबर, रविवार.

दुपार रिकामी. तीन ते पाच ही वि.ची छत्रीची वेळ. आज खुर्चीत बसले, बटणाचं खोकं मांडीवर, बंद. काचबिंदूने उजवा डोळा संपला. डाव्यात उजेड तेवढा येतो, खिडकी कुठे आहे हे कळण्यापुरता. टीव्हीचं चित्र दोन वर्षांपूर्वी गेलं. आवाज राहिला.

पावसाळ्यातली गप्प छत्री सवयीची; आज तो नव्हता तेव्हा कळलं की एरवी मी रोज तो ऐकत होते. वाल सोलताना. आधी मोटरचा कुरकुर सूर, मग खरखर. जुना ॲनलॉग रिसीव्हर ते नुसत्या खरखरीसाठी चालू ठेवतात. उपग्रह समोर आला की खरखर बारीक होत जाते, मग दुसरा, डिजिटल रिसीव्हर लावायचा आणि कुठलीतरी बाई बातम्या सांगायला लागते. एकही शब्द कळत नाही. मग पुन्हा कुरकुर, पुन्हा खरखर, मग भिक्षूंचं पठण. मग एखादी जाहिरात, पोरं खिदळतायत. दोन तास हे असं चालायचं आणि मला वाटायचं मी फक्त वाल सोलते आहे. कधीकधी सोलायचं संपलेलं असायचं आणि मी तशीच

दूध उतू गेलं. पुरे.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

शिळफाट्याला गेले, भंगाराच्या दुकानी. मागच्या गल्लीत, टायरांच्या ढिगाखालून भंगारवाल्याने एक ॲक्च्युएटर ओढून काढला. हुबेहूब आमचा. चोवीस इंची, त्याच बनावटीचा. कुठल्यातरी लॉजच्या गच्चीवरचा.

"बाई, लावून बघा. नाय चालला तर परत आणा, मी कुठं पळून जात नाय."

हलवून पाहिला. दांडा नळीत खुळखुळतो. तसाच रिक्षात घालून कुंभिवलीला वेल्डरकडे नेला. त्याने बॅटरीवर चालवून बघितला. म्हातारा माणूस जिना चढतो तसा सरकला. वेल्डर म्हणाला, "आटे झिजलेत. बारा फुटी वजनाला हा दीड पावसाळा. मग एका वाऱ्यात छत्री डोक्यावर घेणार तुमी."

परत शिळफाट्याला नेऊन दिला. एकदा चूक केली, पुन्हा कच्चं काम करणार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

पल्लवीने फोनवर दाखवलेले तीन.

अठरा इंची: आखूड. बाद.

चोवीस इंची, नवा, हलका: सहा-आठ फुटी डिशसाठी. बाद.

छत्तीस इंची, जाड नळी, मोठी मोटर, सीलबंद, बुडाला जाळीचं भोक. भार दुप्पट झेपतो.

प्रश्न एवढाच की छत्तीसचा हात चोवीसच्या जागी बसवला तर छत्री मर्यादेपलीकडे जाऊन उलटेल. म्हणजे नळी खांबाला आवळणाऱ्या पकडीची जागा सरकवावी लागेल. किती, ते काढायचं. कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, पण त्रिकोण तसाच असतो. एक बाजू खांबाची, एक छत्रीच्या बरगडीची, तिसरी बाजू वाढत-घटत जाणारी. दोरा, कोनमापक आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. दुपारी दोनला बसले, मान वर केली तर साडेपाच. पकड चार इंच खाली. दोन्ही टोकांना अटकाव लावले की उलटायची भीती नाही. आणि पश्चिमेला पूर्वीपेक्षा सहा अंश जास्त मिळतील, सोंडाईच्या डोंगराच्या थेट खांद्यापर्यंत.

इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. वि.ना सांगितलं. "तू म्हणशील तो," म्हणाले. पल्लवीला सांगितलं, मागव.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

आला. खोकं माझ्या छातीपर्यंत. पल्लवीचा निरोप: दहा दिवसांत परत करता येतो, खोकं फाडू नका मामी. खोकं मी कधी फाडते?

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

बसवला. गोमा वर, मी खाली कागद घेऊन, वि. पडवीत.

"वहिनी, चार इंच म्हंजी माझी चार बोटं का तुमची?"

"टेपाचे चार इंच."

"टेप खाली राहिला."

"मग खाली ये आणि घेऊन जा."

"ऐकलंत का भाऊ? साठ वर्साच्या माणसाला चार इंचासाठी उतरवती."

पकड बसली. अटकाव लावले. पूर्वेचं टोक, पश्चिमेचं टोक, तीनदा जाऊन-येऊन पाहिलं. कुठे थरथर नाही. जुना कण्हायचा, हा एकसुरी गुणगुणतो. आणि चपळ. टोकापासून टोकापर्यंत जुन्याच्या निम्म्या वेळात.

पश्चिमेच्या नव्या टोकाला, डोंगराला जवळजवळ टेकून, एक स्टेशन लागलं. कधी न ऐकलेलं. एक बाई काहीतरी वाचत होती, यादी असावी. एक शब्द, मग मोठा थांबा, मग पुढचा शब्द. थांब्यात मागे कोंबड्यासारखं काहीतरी. आम्ही तिघेही ऐकत राहिलो. गोमा शिडीवरच बसला होता.

वि. म्हणाले, "आवाज वेगळाय."

"स्टेशन नवं आहे ना."

"मोटरचा."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

तीन दिवस बघते आहे. वि. तीनला बसतात. बटण दाबतात, सोडतात. थोडं मागे घेतात. पुन्हा पुढे. खरखर, नुसती खरखर. चुकून एखादं लागलं तर थांबतात, पण तोंडावर काही नाही. पाव तासात उठतात. "झोप येतेय" म्हणून आत जाऊन आडवे. झोपत नाहीत. पायाची बोटं हलत असतात.

मी म्हटलं, रिमोटवर शोधायचं बटण आहे, आपोआप शोधतो. हो, म्हणाले.

गोमा लाकडं टाकायला आला होता, त्याला विचारलं, नव्यात काही खोट आहे का?

"पंपात नाय खोट."

"मग?"

"भाऊ मोजतो ना, वहिनी. तुमाला ठावं नाय? डोळं गेल्यापासून. पूर्वेच्या टोकाला नेतो, मग बटन दाबायचं नि मोजायचं. इतकं मोजलं का थायलंड, तितकं मोजलं का अरब. मला सांगितलंय त्याने. आता तुमचा ह्यो पळतो घोड्यावानी. त्याचं मोजणं पार मोडलं."

मी उभीच. गोमाला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लागला.

खोक्यावर लाल आकडे दिसतात. मला वाटायचं, डाव्या डोळ्याला तो लाल उजेड अजून पुरत असेल. वाटायचं म्हणजे, मी विचारलं नव्हतं. भार विचारला, लांबी काढली, कोन काढला. वेग ही गोष्ट माझ्या कागदावर कुठेही नव्हती.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

सकाळी चहा दिल्यावर सरळ विचारलं, तुम्ही मोजता हे मला का नाही सांगितलंत?

"तू विचारलं नाहीस. आणि सांगायचं काय त्यात? चालताना पावलं मोजतो, तसं."

मग तेव्हाच दुसरंही सांगून टाकलं. मेण, मुंग्या, प्लास्टिक. जुना वयाने गेला नाही, मी घालवला.

मग म्हणाले, "म्हणजे सतरा दिवस तू माझ्यासमोर त्या बिचाऱ्याचं वय काढत होतीस."

चहा तसाच ठेवून उठले. भिंतीला हात लावत अंगणात गेले. छत्रीच्या खांबाशी उभे राहिले, ऊन डोक्यावर येईपर्यंत. संध्याकाळी एकच वाक्य.

"शिळफाट्याचा तो घेऊन ये."

१९ ऑक्टोबर, रविवार.

गेले. होता. भंगारवाला हसला, "म्हटलं नव्हतं, बाई, याल परत?" 

पडवीत आणून ठेवला. वि.नी हाताने चाचपून पाहिला. नळी, मोटर, पकडीची जागा. पहिल्यांदा चेहरा सैल झाला. जोडून थोडा चालवला, तर कान लावून मान डोलावली. हाच. हाच वेग.

मी वेल्डरचं सांगितलं. आटे झिजलेत. दीड पावसाळा.

"दीड पुरे मला."

"मला नाही पुरायचे."

हे माझ्या तोंडून जरा मोठ्याने गेलं. शेजारच्या अंगणात आकाशकंदील बांधत होते, ते थांबले.

नंतर शांतपणे सांगितलं. नवा परत द्यायची मुदत तेवीसपर्यंत, त्या दिवशी पल्लवी येईल, द्यायचा तर खोकं तिच्या हाती. तोपर्यंत मला तुमचे आकडे द्या. सगळे. नव्या हातावर ते किती होतात ते मी काढते. आले तर नवा राहील. नाही आले तर शिळफाट्याचा चढवू आणि दर वाऱ्याला मी खुंट्या धरून उभी राहीन.

"नुसते निम्मे करून नाही होत?"

"नाही. पकड सरकवलीय. त्रिकोण बदलला. पूर्वेला निम्म्याहून जास्त, पश्चिमेला निम्म्याहून कमी, असं काहीतरी येईल."

"असं काहीतरी," म्हणाले. राग होताच. पण खुर्ची माझ्याकडे वळवली.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी.

अभ्यंगस्नान, फराळ, मग वि. सांगत होते, मी लिहीत होते. एकूण सतरा थांबे. डोळे मिटून सांगतात, त्यांना मिटायची गरज नाही तरी.

"अकरा: इंडोनेशिया. तिथे संध्याकाळ असते, बांग ऐकू येते. चौदाला व्हिएतनाम, भांडल्यासारखं बोलतात पण भांडत नसतात. एकवीस: काही नाही. सव्वीस: भिक्षू. तेहतीस: आपलेच..."

"थांबा. एकवीसला काय म्हणालात?"

"काही नाही."

"म्हणजे विसरलात?"

"विसरलो नाही. तिथे काही नाही. पूर्वी होता एक. आपण छत्री उभी केली तेव्हा पहिलं चित्र त्याचं आलं होतं, बर्फातली घोडागाडी, आठवतं? इंधन संपलं त्याचं. ढकलून दिला लांब. मी थांबतो तिथे."

घोडागाडी आठवते. पडद्यावरही बर्फ आणि चित्रातही बर्फ, कुठला कोणता कळत नव्हतं. अख्खा गाव अंगणात.

असे तीन रिकामे थांबे निघाले. एकवीस. अठ्ठेचाळीस, तोही गेलेला. आणि एकोणसत्तर, अगदी पश्चिमेला, शेवटचा. तिथे कुठला होता, असं विचारलं.

"तिथे कधीच कुणी नव्हता."

"मग तिथे का थांबता?"

"तिथली खरखर चांगलीय."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, अहो, खरखर सगळीकडे एकच असते. ते हसले. अठरा तारखेनंतर पहिल्यांदा.

"तू स्वयंपाकघरातून ऐकतेस," म्हणाले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

चौदा जिवंत उपग्रह कुठे आहेत ते इंटरनेटवरच्या यादीत मिळतं, अंशासकट. म्हणजे चौदा खांब. प्रत्येक खांबाचा जुना आकडा वि.चा, नवा आकडा मोटर चालवून माझा. दोन खांबांमध्ये तार ओढली की मधला रिकामा थांबा कुठे पडतो ते काढता येतं. एकवीस आणि अठ्ठेचाळीस असे निघतील. एकोणसत्तर चौदाव्या खांबाच्या पलीकडे आहे. तिथे तार ओढायला पुढे खांबच नाही. यादी वाचणारी ती बाई त्याच्याही पलीकडे आहे, पण जुना हात तिथवर कधी गेलाच नव्हता, तेव्हा तिचा जुना आकडा असायचा कुठून.

अंदाज करावा लागेल. अंदाज हा शब्द मला आवडत नाही.

पूजा उरकून दिवे लावले. कागद देवापुढे ठेवला नाही. ठेवावासा वाटला हे मात्र खरं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

ओवाळलं. "काय हवं ते माग," म्हणाले, रीत म्हणून. मी म्हटलं, आज दुपारी माझ्या आकड्यांनी चालून बघा.

मी आकडा सांगायचा, वि.नी दाबून मोजायचं. इंडोनेशिया सहावर. लागलं. व्हिएतनाम पावणेआठ. लागलं. भिक्षू एकाने चुकले, मागे आणले, कागदावर दुरुस्त केलं. चौदापैकी अकरा पहिल्या झटक्यात, तीन थोड्या सरकवण्याने.

पण हे माझे आकडे होते. वि. प्रत्येकाआधी माझ्याकडे तोंड करून वाट बघत होते, जिन्यात दुसऱ्याचा हात धरून चढावं तसे. मग मी गप्प बसले. त्यांनी स्वतः सुरुवात केली, पूर्वेच्या टोकापासून. पाच थांबे बरोबर. सहाव्याला हरवले. पुन्हा टोकाला नेलं. सात बरोबर.

"पाठ होईल?" मी विचारलं.

"लहानपणी पावकी-निमकी पाठ केली. पण ती पाठ करताना मी सात वर्षांचा होतो."

मग एकवीस. नव्या हातावर साडेअकरा. दाबलं, सोडलं. खरखर. मला तर कशातच फरक कळला नाही. वि.नी मान कलती केली, जशी भाताला वास येतो का पाहताना आपण करतो. बराच वेळ.

"हा," म्हणाले. "इथेच होता."

अठ्ठेचाळीस: तोही.

तेवढ्यात वीज गेली. एकोणसत्तर राहिला.

संध्याकाळी कागद पुन्हा काढला. शेवटचा तुकडा तीन पद्धतींनी केला, तीन उत्तरं आली. साडेतीस, सव्वाएकतीस, बत्तीस. तिघांतलं एक घ्यायचं तर कशाच्या आधारावर. डोळे मिटून बसले होते. मिटल्यावर छत्री दिसत राहिली, डोंगराच्या खांद्याशी कलंडलेली, तिच्या जाळीतून पलीकडचं आकाश दिसतंय आणि ते कुठेही संपत नाही. मी तिथे टेप लावत होते. टेप पुरत नव्हता.

बसल्या जागी डोळा लागला होता बहुतेक. वि.नी अंगावर शाल टाकली होती. खुर्चीपर्यंत मोजत आले असणार.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

पल्लवी आली सकाळीच, भावाकडे कर्जतला जाऊन मग इकडे. करंज्या आणल्या. खोकं बघून म्हणाली, "मामी, एवढं नीट तर कारखान्यातही ठेवत नाहीत." चिकटपट्टी घेऊन आली आहे. परत द्यायचा तर आज संध्याकाळी पाचपर्यंत नोंदवायला हवं. गोमाला दुपारी बोलावून ठेवलंय, उतरवायला किंवा नुसता चहाला.

जेवताना वि.ना विचारलं, काय ठरवायचं?

"एकोणसत्तर बघू. मग सांगतो."

"सोळा थांबे मिळालेत. एका रिकाम्या जागेसाठी?"

"मिळालेले तुझ्या कागदावरही निघतात. हा एकच आहे जो फक्त मला माहीत आहे."

भात वाढला.

दु. ३.४०. बसलो. पल्लवी आत, फोनवर. गोमा खांबाला टेकून, उकिडवा.

वि. म्हणाले, बटण तू धर, मी मोजतो. पूर्वेच्या टोकाला नेलं. एक, दोन, तीन. हलक्या आवाजात, पायाच्या अंगठ्याने ताल देत. भिक्षू आले आणि गेले, आपली स्टेशनं गेली, अरब गेले. सव्वाएकतीसवर मी बोट उचललं.

खरखर.

"नाही," म्हणाले. "अलीकडे ने. अर्धा."

नेलं. त्यांनी ओठ मुडपले. "आता पुढे, पाव."

पाव मोजायला बोट फार जड आहे माझं. टेकवलं आणि उचललं. छत्री जरा शहारल्यासारखी झाली आणि थांबली.

पल्लवी दारात आली, हातात चिकटपट्टी. "मामी, साडेचार होत आले, बॉक्स..." तिला हाताने खाली बस म्हटलं. ती उंबरठ्यावर बसली. गोमा विडी काढत होता ती त्याने परत ठेवली.

मीही ऐकते आहे. पाटाच्या पाण्याला लांबून येतो तसा आवाज आहे. मघाचा असा होता का? मघाचा जरा कोरडा होता. होता की मला आता वाटतंय

वि.नी मान कलती केली आहे. हात वर धरलाय, थांब अशा अर्थाने, किंवा नुसताच.

उजवं बोट बटणावर आहे, म्हणून डाव्या हाताने लिहिते. अक्षर वाकडं येतंय. चार पंचेचाळीस.